खवल्यावरचा मजकूर

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर काचेखाली एक खवला ठेवलेला आहे. रुपयाच्या नाण्याएवढा, नखासारखा अर्धपारदर्शक. त्याच्या एका कडेला फणीसारखे बारीक दात आहेत. ती कड पाण्याकडे होती. दुसरी कड लहरदार. ती कातडीत रुतलेली होती. खिडकीच्या उजेडात धरला की मध्याभोवती वलयं दिसतात, सागाच्या ओंडक्यावर असतात तशी. काही सुटी सुटी, काही एकमेकांना बिलगलेली. सुटी वलयं भरपेट दिवसांची, दाट वलयं उपासाची किंवा थंडीची. हा खवला जिताड्याचा आहे. रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग तालुक्यात शहापूर नावाचं गाव आहे, तिथल्या एका तळ्यातून तो निघाला आणि माझ्यासोबत यवतमाळला आला.

मी मराठी शिकवतो. ‘रसग्रहण करा’ हा प्रश्न दरवर्षी मुलांकडून सोडवून घेतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे त्याचे ठरलेले टप्पे असतात. पण टप्प्यांच्या आधी मी मुलांना एकच सांगतो: कविता आवडली हे लगेच लिहू नका, आधी ती काय करते ते नीट बघा, आवड आपोआप खोल होते. जिताड्याच्या बाबतीत माझं नेमकं तसं झालं. पहिल्यांदा तो ताटात आवडला. मग तो कसा जगतो हे कळत गेलं, आणि आता त्याचा घास तोंडात घेताना मला एक अख्खं आयुष्य वाचल्यासारखं वाटतं.

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. पूर्वेचा घ्या की पश्चिमेचा, किनारा यवतमाळ शहरापासून सरळ रेषेतही साडेपाचशे किलोमीटरांहून लांब. आमचे मासे धरणांचे आणि नद्यांचे: इसापूर, बेंबळा, अरुणावती, पूस. भोई आणि ढिवर बांधवांच्या जाळ्यात येणारे रोहू, कतला, मृगळ. नशीब असेल त्या दिवशी मरळ. मरळीचा झणझणीत रस्सा आणि ज्वारीची भाकर ही आमची मेजवानी. त्यामुळे समुद्राच्या माशाबद्दल मी लिहिणं कुणाला आगाऊपणाचं वाटेल. पण जिताडा हा नुसता समुद्राचा मासा नाही. तो दोन पाण्यांचा आहे, आणि त्यातलं एक पाणी आमचंही आहे.

आधी नाव बघू. शास्त्रज्ञ त्याला लॅटिस कॅल्केरिफर म्हणतात. जर्मन अभ्यासक ब्लॉख यांनी 1790 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. कॅल्केरिफर म्हणजे काटा बाळगणारा. गालाच्या हाडाची खालची कड करवतीसारखी असते आणि कोपऱ्यावर एक टणक काटा असतो, त्यावरून हे नाव. जिताडा हातात धरणाऱ्याला ते एकदा तरी पटतंच, कारण ती कड बोट चिरते. गोव्यात तो चोणक होतो, बंगालमध्ये भेटकी, तामिळनाडूत कोडुवा, आंध्रात पंडुगप्पा आणि ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. शेवटचं नाव तिथल्या आदिवासी भाषेतलं आहे, अर्थ ‘मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा’. नाव ठेवणाऱ्यांनी त्याला नदीत पाहिलं आणि आपण त्याला समुद्राच्या यादीत टाकतो. हा मासा समजून घ्यायची सुरुवात इथूनच होते.

आता रूप. पाठ कमानीसारखी उंचावलेली, पण डोक्याशी आल्यावर ती कमान अचानक आत वळते आणि तोंड टोकदार होतं. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला. शेपटी मासोळीच्या चित्रातल्यासारखी दुभंगलेली नाही, पंख्यासारखी गोल आहे. खुल्या समुद्रात दूरवर धावणाऱ्या सुरमई-बांगड्यांच्या शेपट्या कोयत्यासारख्या असतात. गोल शेपटी दबा धरणाऱ्याची. एका जागी थांबायचं, मग क्षणात झेपायचं. शेपटीचा हा आकार बघितला तरी याच्या शिकारीची पद्धत कळते.

ती पद्धत मी शहापुरात पाहिली. संध्याकाळची वेळ होती. यजमान काकांनी तळ्याच्या काठावरून पाच-सहा चिलाप्या पाण्यात सोडल्या. पाणी शांत राहिलं. मी काहीतरी विचारणार तेवढ्यात काठाजवळ ‘भब्’ असा भरीव आवाज झाला, जड उशी जमिनीवर टाकावी तसा, आणि पाण्यावर एक भोवरा उरला. मासा दिसलाच नाही. जिताडा भक्ष्याला चावत नाही. तो तोंड आणि कल्ले एकाच झटक्यात फाकवतो, आत पोकळी तयार होते आणि पाण्यासकट भक्ष्य ओढलं जातं. तो आवाज त्या पोकळीचा. अंधार पडल्यावर काकांनी बॅटरी मारली. काळ्या पाण्यात दोन गुलाबी-सोनेरी ठिपके पेटले आणि विझले. मांजराच्या डोळ्यांसारखे याचे डोळेही उजेड परत फेकतात. गढूळ खाडीत, अंधुक प्रकाशात दिसावं म्हणून.

त्या तळ्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. धरमतरच्या खाडीकाठचा हा सगळा भाग खारेपाट. मातीचे बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं आणि आत भात पिकवायचा, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची शेती. बांधात उघाडी असते. ओहोटीला आतलं पाणी तिचं झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला बाहेरचं पाणी तेच झडप दाबून बंद करतं. घर बांधायचं तर जोतं उंच हवं, जोत्यासाठी माती हवी; माती काढली तिथे खड्डा राहिला, पावसानं भरला आणि घरापुढे तळं झालं. पावसाळ्यात उधाणाच्या पाण्याबरोबर खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, जिताड्याची पिल्लं येतात. बोटभर लांबीची, तपकिरी अंगावर पांढुरके डाग, कपाळापासून मानेपर्यंत पांढरे पट्टे. ती पकडून या गोड्या तळ्यात सोडायची, चिलापी-कोळंबी खाऊ घालायची आणि दोन-तीन वर्षांनी पाहुणा आला, लग्न ठरलं, सण आला की एखादा काढायचा. या लोकांनी जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं. पण हा मासा खाऱ्यात जन्मतो आणि गोड्यात वाढतो, ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट त्यांनी ओळखली होती आणि घरापुढच्या खड्ड्यात तिचा उपयोगही केला होता.

ही गोष्ट किती अवघड आहे ते शरीरात डोकावल्यावर कळतं. गोड्या पाण्यात माशाच्या अंगातलं मीठ बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असतं. पाणी आत घुसत राहतं, मीठ निसटत राहतं. मग मूत्रपिंडं भरभरून पातळ लघवी बाहेर टाकतात आणि कल्ले पाण्यातून मिळेल तेवढं मीठ वेचून घेतात. समुद्रात सगळं उलट. तिथे अंगातलं पाणी निसटतं, म्हणून मासा समुद्राचं पाणी पितो आणि त्याचे कल्ले जास्तीचं मीठ बाहेर फेकतात. रोहूला समुद्रात सोडलं तर तो मरतो, बांगड्याला बेंबळ्यात सोडलं तर तो मरतो. जिताडा मात्र तीच इंद्रियं दोन्ही दिशांनी चालवतो. हळूहळू बदललेलं पाणी त्याचं शरीर वेगळ्या व्याकरणात वाचू लागतं.

आणि आता या कथेतलं वळण, ज्यासाठी मी हा मासा पुन्हा पुन्हा वाचतो. जिताडा आधी नर असतो आणि मग मादी होतो. वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो नर म्हणून पक्व होतो, खाडीच्या मुखाशी येऊन प्रजननात भाग घेतो, आणि पुढे काही वर्षांनी, साधारण मीटरभर लांबीचा होता होता, त्याच्या वृषणाच्या जागी अंडाशय तयार होतं. पापुआ न्यू गिनीतल्या माशांवर काम करून मूर या संशोधकांनी हा बदल 1979 मध्ये शास्त्रीय नियतकालिकात मांडला. त्यातला हिशेब साधा आहे. नराचं बीज लहान शरीरातही पुरेसं तयार होतं. अंड्यांना मात्र पोटात जागा लागते. मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त, मोठ्या मादीची तर कोटीच्या घरात. म्हणून लहानपणी बाप व्हायचं आणि मोठेपणी आई. बाजारात आलेला फार मोठा जिताडा बहुतेक वेळा मादी असते, म्हणजे एके काळचा बापही. तो तराजूत चढतो तेव्हा पुढच्या कित्येक पावसाळ्यांची अंडीही त्याच्याबरोबर चढतात.

संवर्धकाची खरी कसोटी या वळणापाशी लागते. आमच्याकडे धरणात सोडायचं रोहू-कतलाचं मत्स्यजिरं मिळतं, त्याचं श्रेय 1957 च्या एका प्रयोगाला आहे. 10 जुलै रोजी हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली. म्हणून तो दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. जिताड्यासाठी पहिलं यश थायलंडला 1970 च्या दशकाच्या आरंभी मिळालं. भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेनं 1997 मध्ये ते साधलं. रोहू आणि जिताडा यांच्यात चाळीस वर्षांचं अंतर पडलं, आणि त्याची कारणं माशाच्या स्वभावातच आहेत. पाण्याला समुद्राचा खारटपणा हवा, कारण त्याशिवाय नराचं बीज हालचालच करत नाही आणि अंडी तरंगत नाहीत. तिथी हवी, कारण तो अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, मोठ्या भरतीच्या दिवसांत अंडी घालतो. आणि जोडी हवी. पण टाकीत जपलेला नर काही वर्षांनी मादी होऊन जातो, म्हणून दर थोड्या काळानं नवे नर आणावे लागतात.

हे सगळं जमलं की मिलिमीटरपेक्षाही लहान, काचेच्या मण्यासारखं अंडं दिसतं, आत तेलाचा एक थेंब. त्या थेंबानं ते तरंगतं. पंधरा-सतरा तासांत त्यातून दीड मिलिमीटरचा जीव बाहेर येतो. त्याला दोन-तीन दिवस तोंडही नसतं. तोंड उघडलं की त्याला भरडा चालत नाही. हलणारं, जिवंत, त्याच्या तोंडात मावेल असं काही लागतं. मग रोटिफर नावाचे डोळ्यांना न दिसणारे जीव वाढवायचे, रोटिफरसाठी हिरवं शेवाळ वाढवायचं आणि नंतर आर्टेमिया नावाच्या बारीक जीवांची पिल्लं द्यायची. एका माशासाठी आधी तीन पिकं घ्यावी लागतात.

पुढे संकट भावंडांचंच. पिल्लं सारखी वाढत नाहीत, आणि मोठं पिल्लू आपल्या निम्म्याहून जास्त लांबीच्या भावंडाला गिळतं. म्हणून दर तीन-चार दिवसांनी हाप्यातली, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिशवीतली, पिल्लं चाळून आकारानुसार वेगळी करायची. जो हे काम टाळतो त्याच्याकडे शेवटी थोडे धष्टपुष्ट मासे आणि मोकळी जाळी उरतात. खाडीत ही खादाडी चालून जाते, कारण तिथे पळायला झाडांची मुळं असतात. टाकीत मुळांचं काम माणसाच्या चाळणीला करावं लागतं. माझ्या मते उत्तम मत्स्यसंवर्धन म्हणजे हेच: माशाच्या जगातली कोणती गोष्ट आपण काढून घेतली हे ओळखायचं आणि तिच्या जागी आपले कष्ट ठेवायचे.

आता चवीकडे येतो. जिताड्याचा तुकडा शिजला की त्याच्या मोठ्या पांढऱ्याशुभ्र पाकळ्या सुटतात. रोहूच्या मांसात इंग्रजी वायच्या आकाराचे बारीक काटे अडकलेले असतात, जीभ सतत सावध ठेवावी लागते. जिताड्यात ते नाहीत. मुलांना आणि म्हाताऱ्यांना निर्धास्त वाढावा. खारेपाटात मी खाल्लं ते कालवण साधं होतं: हळद, ठेचलेला लसूण, घरचा मसाला, चिंचेचा कोळ. मसाल्यानं माशाला झाकलं नव्हतं. मासा गोडसर लागला आणि त्यामागे तुपासारखा स्निग्धपणा होता.

या चवीतही पाणी बोलतं. खाऱ्या पाण्यातला मासा शरीराचा तोल सांभाळायला पेशींत अमिनो आम्लं साठवतो, त्यातली काही जिभेला गोड आणि भरदार लागतात. उलट गोड्या तळ्यात काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. ते माशाच्या मांसात शिरलं की चिखलट वास येतो. पहिल्या पावसात आमच्या काळ्या रानातून जो गंध उठतो, जो श्वास भरून घेतल्याशिवाय यवतमाळकराचं मृग नक्षत्र सुरू होत नाही, त्यातही हेच जिओस्मिन असतं. रानात हवाहवासा, ताटात नकोसा. म्हणून जाणता संवर्धक मासा विकण्याआधी काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवतो. तेवढ्या दिवसांत ते द्रव्य निघून जातं आणि माशाची खरी चव मोकळी होते.

इथे ओघानं एक प्रश्न येतो, जो मला आमच्याकडच्या तरुण मत्स्यशेतकऱ्यांनी विचारला आहे: जिताडा आपल्या धरणात वाढेल का? पाण्याच्या गोडेपणाची अडचण नाही. पण तो उबदार पाण्याचा मासा आहे, सव्वीस ते तीस अंशांत खुलतो आणि आमच्या हिवाळ्यात त्याची भूक मंदावेल. त्याहून मोठी गोष्ट अशी की तो शिकारी आहे. ज्या जलाशयात मच्छीमार संस्थांनी रोहू-कतलाची बोटुकली सोडली आहे, तिथे जिताडा मोकळा सुटला तर ती त्याचा घास होईल आणि ज्या घरांची चूल त्या बोटुकलीवर पेटते त्यांचा घासही जाईल. बंदिस्त, बारमाही पाण्याच्या तळ्यात, नीट जाळी लावून, चाळणीच्या कष्टांची तयारी असेल तर करून बघावं. मोकळ्या धरणात मात्र नको. माशाचं जीवशास्त्र आधी वाचलं की हे उत्तर त्यातच सापडतं.

तळ्यात वाढलेल्या जिताड्यात एक उणीवही आहे, आणि रसग्रहणात ती लपवायची नसते. तळ्यात त्याची कथा अर्धीच राहते. तो खातो, वाढतो, नर म्हणून पक्वही होतो. पण गोड्या पाण्यात त्याचं बीज कधी फळत नाही आणि आई होण्याच्या वयापर्यंत त्याला कुणी ठेवत नाही. तळं स्वतःचं बी तयार करू शकत नाही. उरलेली कथा खाडीच्या मुखाशी आणि कांदळवनाच्या मुळांत घडते. प्रयोगशाळेतली टाकी त्या खाडीची नक्कल करते, पण टाकीलाही अधूनमधून खाडीतून नवं रक्त आणावं लागतं. महाराष्ट्रात कांदळवन कक्ष 2012 मध्ये स्थापन झाला आणि पुढे 2017 मधल्या योजनेत कांदळवन राखणाऱ्या गावांना जिताडा आणि खेकडा पालनासाठी मदत देण्याचं ठरलं, तेव्हा म्हणूनच मला ते तळं आणि खाडी ही दोन्ही टोकं जोडणारं वाटलं. जे गाव मुळं राखतं त्यालाच मासा मिळावा, यात न्याय आहे आणि शास्त्रही.

आता पुन्हा त्या खवल्याकडे. खवल्यावर वयाचीच नोंद असते असं नाही, प्रवासाचीही असते. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य सहसा नदीपेक्षा जास्त असतं. मासा ज्या पाण्यात राहतो त्याचा अंश त्याच्या खवल्यात आणि कानातल्या खड्यात थरांनी जमतो. ऑस्ट्रेलियात 1996 मध्ये जिताड्याच्या खवल्यांतलं स्ट्रॉन्शियम आणि बेरियम मोजून तो कधी नदीत होता आणि कधी समुद्रात हे वाचण्यात आलं. त्यातून कळलं की सगळे जिताडे गोड्या पाण्यात जातच नाहीत. काही आयुष्यभर खाऱ्यातच राहतात. एकाच जातीतले दोन मासे दोन वेगळी आयुष्यं जगतात, आणि दोन्ही आयुष्यं नखाएवढ्या चकतीवर उमटलेली असतात.

माझ्या खवल्याची बाहेरची वलयं शहापूरच्या तळ्यानं लिहिली, गोड्या पावसाच्या पाण्यानं. पण माशाच्या अंगावर खवले उगवतात ते तो सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा असताना, आणि तेव्हा हा मासा खाजणात होता. म्हणजे अगदी मधला, टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका धरमतरच्या खाडीचा आहे. बाकीची सगळी वलयं त्या खाऱ्या ठिपक्याभोवती उभी आहेत.

आमच्या पैनगंगेचं पाणी वर्धेला मिळतं, वर्धेचं प्राणहितेला, प्राणहितेचं गोदावरीला. इसापूर भरून दरवाजे उघडले की त्यातला काही भाग आंध्रात, गोदावरीच्या मुखाशी, बंगालच्या उपसागरात मिसळतो. तिथे पंडुगप्पाची पिल्लं याच पावसात दलदलीत शिरत असतात. यवतमाळच्या रानावरून वाहिलेल्या पाण्याचा एखादा थेंब एखाद्या खवल्याच्या पहिल्या ठिपक्यात नक्कीच जात असेल. खिडकीशी उभा राहून मी खवला पुन्हा उजेडात धरतो, बाहेरून आत एकेक वलय मोजत जातो आणि मधल्या ठिपक्यापाशी थांबतो.